कंट्रोलची स्लाईड

"मावशी, आईच्या गाठीचा ठोकळा मुंबईला पाठवू का?"

हेमंत लॅबच्या खिडकीशी उभा होता. हातात जाड पाकीट, त्यावर मुंबईचा पत्ता घरूनच लिहून आणलेला. लाईट गेले होते. लाईट गेले की मी जुना आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीशी ओढायची आणि उन्हाचा कवडसा धरून काम उरकायची. त्या क्षणी भिंगाखाली पुन्हा त्याच्या आईचीच स्लाईड होती.

"कशाला?" मी विचारलं.

"डेपोतले सगळे म्हणतात, दुसरीकडून खात्री करून घे. एवढ्या एका रिपोर्टवर सगळं आहे म्हणून."

"करायची तर कर बाबा. पण मुंबईला जे करतात तेच मी करते. रसायनाची तशीच बाटली, तीच पद्धत. पंधरा-वीस दिवस जातील आणि उत्तर हेच येईल."

तो पाकिटाकडं बघत राहिला. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम करणारा हा तिशीचा माणूस, नखांत ग्रीस, आणि चेहरा शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखा.

"आईसुद्धा तुमचं नाव घेऊन हेच म्हणाली," तो म्हणाला. "लीलाच्या हातून गेलंय, आता आणखी कुणाचा हात नको."

त्यानं पाकिटाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. मी त्याला थांबवलं नाही. उलट मला बरं वाटलं. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे लिहिताना तो बरं वाटल्याचा क्षण मला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट आठवतो.

हेमंतची आई म्हणजे यमुना सुरवसे, सोलापुरातल्या आमच्या शिक्षक सोसायटीतली माझी शेजारीण. एकोणीस वर्षं आमच्या दोन घरांत एक भिंत होती. ती नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची, मी ट्रस्टच्या हॉस्पिटलात टेक्निशियन. दोघींचेही नवरे लवकर गेले. संध्याकाळी ती वह्या घेऊन माझ्या पायरीवर बसायची आणि मुलांची उत्तरं मोठ्यानं वाचून हसवायची. हेमंत खिडकीशी आला त्याच्या दोन वर्षं आधी तिचं छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मला म्हणाली होती, "माझा तुकडा तुझ्या बरणीत आलाय म्हणे. सांभाळ ग. सवयीनं लोणचं घालू नको त्याचं."

त्या मार्चमध्ये तिचा आजार लिव्हरमध्ये उतरल्याचं कळलं.

आणि त्याच वर्षी आमच्याकडं एका नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला होता. पाच गावांतली पाच हॉस्पिटलं त्यात होती. हे औषध सगळ्यांना लागू पडत नसे. ज्या बाईच्या गाठीतल्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन फार दाट असेल तिलाच त्याचा उपयोग. पण जिला उपयोग व्हायचा तिला व्हायचाच. परदेशात तीन-तीन, चार-चार वर्षं बायका चालत्या-फिरत्या आहेत असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. नेहमीच्या औषधांवर यमुनाला सहा-आठ महिने होते.

ते प्रथिन आहे की नाही हे ओळखायचं काम माझं. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असायचा. त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचा. काचा कुकरमध्ये उकळायच्या, आपला घरातला असतो तसाच पाच लिटरचा कुकर, मोजून दोन शिट्ट्या. मग त्यावर अँटिबॉडी नावाच्या रसायनाचा थेंब सोडायचा. प्रथिन असेल तर पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. नसेल तर सगळं फिक्कं निळं राहतं. तपकिरी आलं तर औषध, निळं राहिलं तर नाही. तपकिरी आलेल्या स्लाईड पुन्हा तपासायला बंगलोरला जायच्या, औषध फुकट जाऊ नये म्हणून. निळ्या स्लाईड कुठंच जात नसत. त्या पुन्हा कोण कशाला बघेल?

यमुनाची स्लाईड निळी होती. सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. हिरेमठ. त्यांनी बघितली, "निगेटिव्ह" म्हणाले आणि सही केली.

मी स्वतः घरी जाऊन तिला सांगितलं. ती गॅसवर दूध ठेवून उभी होती.

"नाही म्हणजे नापास?" तिनं विचारलं.

"नापास नाही ग. तुझ्या गाठीत ते प्रथिनच नाही. मग ते औषध देऊन उपयोग नाही."

"म्हणजे प्रश्नच वेगळा आला होता," ती म्हणाली आणि दूध उतरवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "जाऊ दे. नसलेल्याचं काय दुःख करायचं? असून मिळालं नसतं तर जीव जळला असता."

तिनं नेहमीची औषधं सुरू केली. केस गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी डोक्याला रुमाल बांधून गेली. पोरांनी विचारलं, बाई, तुमच्या केसांचं काय झालं? ही म्हणाली, सुट्टीला गावाला गेलेत, येतील. जूनअखेर पायऱ्या चढवेनात म्हणून रजा टाकली. तीस जूनला औषधाच्या प्रयोगाची नावनोंदणी बंद झाली.

आता मला माझ्या काटकसरीबद्दल लिहायला हवं.

अँटिबॉडीची बाटली करंगळीएवढी. ती बर्फात घालून यायची, मागवल्यावर दोन-दोन महिने लागायचे. ती संपली की काम बंद, आणि काम बंद म्हणजे बायका खोळंबल्या. म्हणून मी ती पुरवून पुरवून वापरायची. नियम असा होता की प्रत्येक वेळी रुग्णांच्या स्लाईडबरोबर एक कंट्रोलची स्लाईड लावायची. म्हणजे अशा गाठीची, जिच्यात ते प्रथिन आहे हे आधीच पक्कं माहीत आहे. ती तपकिरी झाली तर समजायचं, रसायन जिवंत आहे. मला वाटायचं, जिचं उत्तर माहीतच आहे तिच्यावर थेंब कशाला घालवायचा? नवी बाटली उघडली की पहिल्या दिवशी मी कंट्रोल लावायची, मग बाटली संपेपर्यंत नाही. वाचलेल्या थेंबांत दर खेपेला आणखी एक बाई बसायची. दुसऱ्या हॉस्पिटलांत बाटली तीन महिने जायची, माझी पाच महिने. सरांनी एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "आमच्या हत्तुरेबाईंच्या हाताला बरकत आहे." त्या दिवशी मी सोसायटीत बर्फी वाटली होती. पहिला तुकडा यमुनाला.

जुलैच्या मध्यावर नवी बाटली आली. पद्धतीप्रमाणे पहिल्या दिवशी दोन कंट्रोल लावायचे होते, एक नक्की होकाराचा आणि एक नक्की नकाराचा. होकाराचा जुना ठोकळा कपाटात होता. नकाराचा म्हणून मी ड्रॉवर उघडला. यमुनाचा ठोकळा वरच होता. हेमंत परत गेल्यापासून मी तो त्याच्या जागी लावलाच नव्हता.

मी तोच घेतला. मनात एवढंच आलं, हिचा नकार पक्का आहे.

संध्याकाळी चारच्या सुमारास स्लाईड तयार झाल्या. पहिली काच तपकिरी, हवी तशी. दुसरी काच मी उचलली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी बघितली. मला वाटलं माझ्या हातून काचांची अदलाबदल झाली. काचेवर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग खाली ठेवून बघितलं.

प्रत्येक पेशीभोवती कडं होतं. दाट, अखंड, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. इतकं स्वच्छ उदाहरण विद्यार्थ्यांना दाखवायलासुद्धा मिळत नाही.

जुन्या बाटलीच्या तळाशी थोडं शिल्लक होतं. मी ते होकाराच्या कंट्रोलवर टाकून पुन्हा सगळं केलं. काच निळीच राहिली. रसायन मेलं होतं. कधी मेलं? एप्रिल-मे मध्ये रोज सहा-सात तास लाईट जायचे. चव्वेचाळीस डिग्री उन्हात फ्रिजमधलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. त्यातल्याच कुठल्यातरी दुपारी. कंट्रोल लावला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही स्लाईड घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी बराच वेळ बघितलं. चष्मा काढला.

"या बाटलीवर किती नकार गेले?"

"एप्रिलपासून अकरा."

"सगळे पुन्हा करा. कुणाला बोलू नका."

दोन दिवसांत अकराही केल्या. सात निळ्याच राहिल्या. चार तपकिरी झाल्या. यमुना आणि आणखी तीन बायका, एक बार्शीची, एक अक्कलकोटची, एक मंगळवेढ्याकडची.

सरांनी माझ्यासमोर पुण्याला प्रयोगाच्या मुख्य डॉक्टरांना फोन लावला. मला त्यांच्या बाजूचंच ऐकू येत होतं. "हो, उशीर झालाय. हो, दुसरी औषधं सुरू झाली आहेत. अपवाद म्हणून... बरं. आणि बाजारात?... बरं, बरं." रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडं वळले.

"नोंदणी बंद आहे. आणि ज्यांची नेहमीची औषधं सुरू झाली त्यांना तसंही घेता येत नाही. बाजारात यायला दोन वर्षं तरी."

"मग रिपोर्ट दुरुस्त करून कळवायचं ना सर?"

"काय कळवायचं हत्तुरेबाई? तुमच्यासाठी औषध होतं, आमच्या चुकीनं गेलं, आता मिळणार नाही, हे? ज्यांना कळून काही करता येणार नाही त्यांना कळवून आपण काय साधणार?"

मी बाहेर आले. त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली होती. रिटायरमेंटला वर्ष उरलंय, स्वतःची कातडी वाचवतोय, असं वाटलं. मी ठरवलं, ते भित्रे आहेत, मी नाही. यमुनाला मी सांगणार.

ठरवायला एक दिवस लागला, सांगायला तीन आठवडे. रोज संध्याकाळी तिच्याकडं जायची. ती आता पलंगावरच असायची, पोट फुगलेलं, डोळ्यांत पिवळेपणा. पण बोलणं तेच. मी गेले की म्हणायची, "आली का तपासणी अधिकारी! काढा वह्या." मी तिचे पाय चेपायची, लिंबाचं सरबत चमच्यानं द्यायची. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि हेमंत यायचा, नाहीतर तिला उमासा यायचा, नाहीतर मीच उठायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी हेमंत रेशनला गेला होता. ती उशीला टेकून बसली होती, जरा बरी होती. म्हणाली, "आज बरं वाटतंय. मनाशी सगळं लावून झालंय बघ. हेमंतचं लग्न नाही झालं, ते राहिलं. बाकी काही नाही. जे नव्हतंच ते नव्हतं."

मी म्हटलं, "यमुना, ते होतं."

"काय होतं?"

मी सांगितलं. बाटली, कंट्रोल, लाईट, नवी बाटली, तिचीच काच. एका दमात सांगितलं. सांगताना रडले. तिचा हात धरला होता, तो तिनं काढून घेतला नाही. माझं सांगून झालं तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखा मला श्वास आला. खरं लिहायचं तर हेच खरं आहे. मला हलकं वाटलं.

 मग तिनं विचारलं, "मुंबईला पाठवला असता तर?"

"कळलं असतं."

"वेळेत?"

"हो. जून संपायच्या आधी."

"आणि मीच म्हटलं, नको."

"तू माझ्यावर विश्वास ठेवलास."

"हेमंतला तूच म्हणालीस ना, उत्तर हेच येईल?"

"हो."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग तशीच डोळे मिटून म्हणाली, "मला कशाला सांगितलंस ग?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"आज सकाळपर्यंत मी म्हणत होते, माझ्यासाठी औषध नव्हतं. किती सोपं होतं ते. आता मी काय म्हणू? रात्रंदिवस इथं पडून मी आता काय काय मोजू? हेमंतचं लग्न? नातवंड?" तिचा आवाज चढला नाही. चौथीच्या पोराला गणित समजावून सांगावं तसं बोलत होती. "तुझं ओझं तुला उचलवेना म्हणून माझ्या अंगावर टाकलंस. मी कुठं ठेवू? मला तर उठतासुद्धा येत नाही."

"यमुना, तुझ्यापासून लपवून..."

"लपवायचं होतंस. एकोणीस वर्षांची मैत्रीण आहेस, तेवढं करायचं होतंस."

जिना वाजला. हेमंत पिशव्या घेऊन वर येत होता. तिनं पटकन डोळे पुसले, माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याला सांगितलंस तर बघ. पाकीट त्याच्या हातात होतं. तो जन्मभर त्या खिडकीशी उभा राहील."

हेमंत आत आला. "काय मावशी, आज लवकर?"

"जाते आता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर हेमंत दारात आला. "आई म्हणते आज नको. झोपते म्हणे." तिसऱ्या दिवशीही आज नको. चौथ्या दिवशी त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "औषधांनी चिडचिड होते तिची, मनावर घेऊ नका." मधल्या भिंतीतून मला तिचं कण्हणं ऐकू यायचं. पूर्वी ती विनोद करून दुखणं उडवून लावायची, आता तो आवाज नव्हता. नुसतं कण्हणं. सप्टेंबरच्या नऊ तारखेला ते थांबलं.

तिला न्यायच्या आधी हेमंतनं जमलेल्या बायकांना बाजूला केलं. "आधी मावशी पाणी घालतील. त्या आईच्या सगळ्यांत जवळच्या." मी तिच्या ओठांवर पाणी घातलं. ते आत गेलं नाही, गालावरून उशीत मुरलं.

उरलेल्या तिघींना मी कळवलं नाही. यमुनानं मला जे विचारलं होतं ते तीन अनोळखी घरांत जाऊन पुन्हा ऐकायची माझी ताकद नव्हती. सर जे म्हणाले होते तेच मी आता स्वतःला सांगत होते, शब्दसुद्धा तेच. कंट्रोलची स्लाईड मात्र मी त्यानंतर एकदाही चुकवली नाही. बाटल्या तीन महिन्यांतच संपू लागल्या. सरांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "पूर्वी पाच महिने पुरायची म्हणे?"

दोन वर्षांनी ते औषध बाजारात आलं. पहिली बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आता सांगता येणार होतं, कारण आता सांगून काहीतरी करता येणार होतं. दुसऱ्याच दिवशी रजा घेऊन रजिस्टरमधले तीन पत्ते कागदावर उतरवले आणि निघाले.

बार्शीची बाई मागच्याच दिवाळीत गेली होती. अक्कलकोटला घराला कुलूप होतं, शेजारणीनं सांगितलं, बाई वारल्यावर माणसं लेकीकडं राहायला गेली. तिसऱ्या दिवशी मी मंगळवेढ्याच्या पुढं एका वस्तीवर पोचले. अंगणात एक म्हातारा ज्वारी पाखडत होता. मी नाव सांगून विचारलं.

"ती माझी मालकीण," तो उठत म्हणाला. "गेली की. चार म्हैनं झालं. लई चिवट होती, दोन वरसं काढली. तुमी कोन?"

चार महिने. मी दोन वर्षांपूर्वी येऊन सांगितलं असतं तर ती वाट बघत बसली असती. कदाचित चार महिने आणखी तग धरला असता. कदाचित नसता.

"हॉस्पिटलातून आले," मी म्हटलं. "सोलापूरहून."

"काय काम काढलं?"

 यमुनाचा आवाज माझ्या कानात स्वच्छ होता, आणि यावेळी मी तिचं ऐकलं.

"काही नाही. चौकशीला. जुने पेशंट कसे आहेत म्हणून."

त्यानं सूप खाली ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. घराकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "सुनबाई, च्या टाक गं. बग, एवढ्या लांबनं दवाखान्याची बाई आलीया. कुनी इचारत न्हाई माणूस गेल्यावर, ह्यांनी ध्यान ठेवलं."

सुनेनं चहा आणला. निघताना तिनं मला थांबवून ओटी भरली. मी म्हटलं, मी विधवा आहे, मला नको. म्हातारा म्हणाला, "असू द्या बाई. आमच्या मालकिनीच्या नावानं घ्या."

मी पदर पुढं केला.